पैनगंगेच्या खालच्या अंगाला

बुलढाणा जिल्ह्याची कीर्ती माशांवर उभी नाही. कीर्तीसाठी आमच्याकडे शेगावचे महाराज आहेत, सिंदखेडराजाच्या जिजाऊ आहेत, खामगावची चांदी आहे, आणि एवढ्यावर भागलं नाही तर आकाशातून पडलेल्या दगडाने केलेलं लोणारचं विवर आहे. मासा हा विषय आमच्याकडे आठवडी बाजारापुरता. त्या दिवशी बाजाराच्या कडेला धरणातला कतला-रोहू येतो, नशीब असलं तर मरळ येते, आणि सुक्या बोंबलांचा वास अर्ध्या गावाला आमंत्रण देतो, उरलेल्या अर्ध्याला पूर्वसूचना. दुसऱ्या दिवशी सगळं गाव पुन्हा पिठलं-भाकरीवर येतं.

जिल्ह्यातलं सगळ्यात नामवंत पाणी म्हणजे लोणारचं तळं. ते बघायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात, कारण बेसाल्टच्या खडकात उल्केने पाडलेलं इतकं ठसठशीत विवर पृथ्वीवर दुर्मीळ. चंद्र-मंगळाची जमीन तिकीट न काढता अभ्यासायची असेल तर मेहकरच्या पुढची एसटी पकडावी. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वय विचाराल तर एका पद्धतीने ५२ हजार वर्षं आणि दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. मुलीच्या पत्रिकेत एवढी तफावत कोणी खपवून घेणार नाही, भूशास्त्रात मात्र दोन्ही आकडे एकाच फलकावर सुखाने नांदतात. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी तळ्याला रामसर यादीत जागा मिळाली. सगळं झालं, पण कालवणाच्या दृष्टीने हे तळं कोरडंच. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. असल्या पाण्यात मासा पोहणार नाही, धुऊन निघेल.

घाटाखाली उतरलं तर खारपाण पट्टा. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, कुठेही विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की चूळ भरून टाकावीशी वाटते. म्हणजे समुद्राला लागणारं मीठ आहे, पाणीही आहे. मासे तेवढे यायचे राहिले.

जिवंत माशांचं हे असं, म्हणून मी मेलेल्या माशांकडे वळलो. पार मेलेल्या. सहा-सात कोटी वर्षं होऊन गेलेल्या, ज्यांचं सुतकही कोणाला राहिलेलं नाही अशा. तर तिथेही जिल्ह्याने निराशाच केली. मासा दगड व्हायचा तर त्याला मरण शांतपणे यावं लागतं. पाणी संथ हवं, गाळ बारीक हवा, कोणी कुरतडायच्या आत अंगावर माती पडायला हवी. आमच्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जे चाललं होतं त्यात शांतपणा औषधालाही नव्हता. जमिनीला भेगा पडत होत्या आणि लाव्हाच्या थरावर थर चढत होते. आजही तो काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि आमचे घाटावरचे तालुके घाटाखालच्यांकडे जे जरा वरून बघतात ती उंची त्याच थरांची. लाव्हात मासा टिकत नाही. फार तर शिजतो, आणि तेव्हा तर तो खायलाही कोणी नव्हतं.

पण लाव्हासुद्धा सलग काम करत नसे. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठमोठ्या सुट्ट्या असत. त्या काळात खळग्यांत पाणी साचे, गवत-झाडोरा येई, गोगलगायी, बेडूक, मासे वस्तीला येत. मग पुढचा लोंढा येऊन सगळ्यावर झाकण घाली. आणि या सगळ्या उतरंडीच्या तळाशी, पहिला लाव्हा यायच्या आधीची जमीन आहे. तिला भूशास्त्रज्ञ लमेटा थर म्हणतात, जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून. आमच्या बाजूला लाव्हाचं पांघरूण जाड. पूर्वेकडे जावं तसं ते पातळ होतं, आणि नागपूर-चांद्याकडे तर जागोजागी फाटून खालचं अंग दिसायला लागतं. मासे तिथे आहेत.

आता एवढ्यावरून हे मासे आमचे कसे, असं कोणी नागपूरकर विचारेल. त्याचं उत्तर पैनगंगा. ती उगम पावते बुलढाण्याजवळ, अजिंठ्याच्या डोंगरात. इथल्या पठारावर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा आहेत: घाटाखाली घसरला तर नळगंगा-ज्ञानगंगेतून पूर्णेत, तिथून तापीत आणि अरबी समुद्रात, घाटावर राहिला तर पैनगंगेतून मेहकरवरून पूर्वेला. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याच्या पुढे गोदावरीत जाते. महाराष्ट्राच्या दगडी माशांची महत्त्वाची घराणी नेमकी याच वाटेवर किंवा वाटेच्या आसपास नांदलेली आहेत. पाणी आमचं तिकडे जातं, तेव्हा सोयरीक मान्य करायला हरकत नसावी. ते मासे होते तेव्हा पैनगंगा नव्हती, हा आक्षेप मला ठाऊक आहे. सोयरिकीत इतकं मागचं कोणी काढत नाही.

पहिलं घराणं डोंगरगावचं. वरोरा तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्यात. लमेटा काळात इथे तळं होतं. जवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची हाडं सापडली, आणि त्याहून मौलिक म्हणजे त्यांचं दगड झालेलं शेण सापडलं. त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले तेव्हा, २००५ साली, डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य खोडावं लागलं. पण तो विषय वेगळा, आणि डायनोसॉरला वकील पुष्कळ आहेत. डोंगरगावच्या माशांचं वर्णन १९०८ साली लंडनच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी केलं. मासे तीन तऱ्हांचे. एक चपट्या अंगाचा, तोंडात गुंडीसारखे दात असलेला, शिंपले फोडून खाणारा. एक आजच्या काटेरी पराच्या माशांच्या वळणाचा. आणि तिसरा, ज्यावर माझं मन बसलं तो, लेपिसॉस्टियस इंडिकस: लांब चोचीचा, अंगभर चौकटीच्या जाड, चकचकीत खवल्यांचं चिलखत घातलेला शिकारी. त्याच्या जातभाईंना इंग्रजीत गार म्हणतात.

वुडवर्ड हे त्या काळचे दगडी माशांचे जगातले सगळ्यात मोठे जाणकार. ब्रिटिश म्युझियमच्या जीवाश्म-माशांची चार खंडांची सूची त्यांच्या नावावर आहे. एक खवला हातात दिला की माशाचं कुळ सांगावं, असा माणूस. त्याच वुडवर्डांना १९१२ साली पिल्टडाउनच्या खड्ड्यातून निघालेली एक कवटी दाखवण्यात आली, आणि हा आद्य इंग्रज माणूस आहे हे त्यांनी छातीठोकपणे जगाला सांगितलं. १९५३ मध्ये उघड झालं की कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा, रंग देऊन, दात घासून बसवलेला. वुडवर्ड त्याआधीच, १९४४ साली, समाधानाने वारले होते. माशांच्या बाबतीत कधी न फसलेला माणूस माणसाच्या बाबतीत फसला. मला यात नवल वाटत नाही. मासा कधी प्रमाणपत्र घेऊन येत नाही.

डोंगरगावच्या दुसऱ्या माशाचं नाव इओसेरॅनस हिस्लॉपी. म्हणजे ज्यांच्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून विदर्भातल्या किती पिढ्या नागपूरला ट्रंक घेऊन उतरल्या, ते स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून धर्मप्रसाराला आलेले. धर्मप्रसार किती झाला ते देव जाणे, पण या माणसाने नागपूरच्या आसपासचा दगड न् दगड उलटा करून पाहिला, आणि दगड नसतील तेव्हा गोंडांची गाणी आणि शब्द उतरवून घेतले. सोबतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे पाद्री. दोघांनी मिळून १८५५ साली नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या नियतकालिकात निबंध छापला. रविवारच्या प्रवचनाला मंडळी कमी आणि सोमवारी फुटक्या शिंपल्यांची टोपली घेऊन दारात येणारी पोरं जास्त, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना ते एका ओढ्याच्या पुरात सापडले आणि बुडाले.

हिस्लॉप-हंटर जोडीच्या खात्यात आणखी एक मासा आहे. हा अख्खा मिळाला नाही, नुसते दात मिळाले. नागपूरच्या दक्षिणेला, आज तेलंगणात असलेल्या मालेडी गावाजवळच्या लाल मातीत. कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या कंगोऱ्यांचे हे दात सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या फुप्फुसमाशाचे, म्हणजे पाणी आटलं तर हवेवर निभावून नेणाऱ्या माशाचे. १८५९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी त्यांची नावं ठेवली: सेरॅटोडस हिस्लॉपिॲनस आणि सेरॅटोडस हंटेरिॲनस. दोन पाद्री, दोन मासे, कोणी रुसायला नको. सेरॅटोडस त्या वेळी जगभर फक्त दातांवरून ओळखला जाई आणि तो कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला याबद्दल कोणाला शंका नव्हती.

अकरा वर्षांनी ऑस्ट्रेलियात मजा झाली. क्वीन्सलँडमध्ये बर्नेट नावाची नदी आहे. तिथले मेंढपाळ मळेवाले नदीतला एक जाडजूड खवल्यांचा मासा खुशाल खात असत आणि त्याला ‘बर्नेट सामन’ म्हणत. विल्यम फॉर्स्टर नावाचा त्यांच्यातला एक गृहस्थ सिडनीच्या संग्रहालयातल्या गेरार्ड क्रेफ्ट यांना या माशाबद्दल वारंवार सांगे, आणि क्रेफ्ट मान डोलवून विषय बदलत. शेवटी १८७० मध्ये मासाच आला. क्रेफ्टनी त्याचं तोंड उघडलं, आणि आत तेच कंगोरे. पुस्तकात मेलेला सेरॅटोडस. संशोधकांनी ज्याचे दिवस घातले होते तो मासा इतकी वर्षं तिथल्या लोकांच्या ताटात होता. क्रेफ्टनी त्याला फॉर्स्टरचं नाव दिलं. इतके दिवस न ऐकल्याची भरपाई म्हणून ते बरंच झालं.

तेव्हापासून ‘नामशेष’ हा शब्द वाचला की मी आधी विचारतो, बाजारात विचारलं का? मी स्वतः विचारलं. मोबाइलवर दगडात रुतलेल्या गार माशाचं चित्र काढून आमच्या आठवडी बाजारातल्या भोईण मावशींपुढे धरलं.

मावशींनी डोळे बारीक केले. “कोनं वाळवला ह्यो?”

“वाळवलेला नाही मावशी. दगड झालाय. सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे.”

“असंल. पन खवलं काढली नाईत, पोट साफ केलं नाई. असा वाळवेल मासा कोन घेते भाऊ?” मग जरा थांबून, गिऱ्हाइकाचा मान राखत, “दगडाचा हाये तर टिकंल बापा. बोंबील देऊ का?”

या परीक्षणात वुडवर्ड यांच्या निबंधापेक्षा काही उणं नाही. पोट साफ न करता मासा जतन झाला, म्हणूनच तर कधीकधी जीवाश्माच्या पोटात त्याचं शेवटचं जेवणही सापडतं.

बाजाराचं महत्त्व ओळखलेला एक इंग्रज मात्र आमच्याकडे होऊन गेला. कर्नल विल्यम सायक्स. मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार म्हणून १८२०-३० च्या दशकात तो दख्खनभर फिरला. काम होतं पिकं, माणसं, महसूल मोजायचं. हा नद्यांतले मासे मोजत बसला. त्यांचं वर्णन करताना त्याने कोळ्यांनी सांगितलेली नावं उचलून तशीच लॅटिनच्या रांगेत बसवली. म्हणून आजही जगातल्या ग्रंथांत खुद्री, कोळस, गोगरा, मल्या आणि चक्क नकटा अशी आपली मंडळी अंगरखा घालून उभी आहेत. याच सायक्सने १८५१ साली लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे दख्खनचा एक दगडी मासा ठेवला. तो आला होता सिरोंच्याजवळच्या, प्राणहितेकाठच्या कोटा गावाहून, म्हणजे आमच्या पैनगंगेच्या थेट वाटेवरून. सर फिलिप एजर्टन यांनी त्याचं नाव ठेवलं लेपिडोटस डेक्कनेन्सिस. वय सुमारे १८ कोटी वर्षं. खवले असे जाड की विळीला धार राहणार नाही.

कोट्याच्या त्याच चुनखडकातून पुढे आणखी एक पाहुणा निघाला. १९७४ साली एस. एल. जैन यांनी त्याचं वर्णन केलं: इंडोसीलकँथस रोबस्टस, भारतात सापडलेला पहिला दगडी सीलकँथ. जैन नोकरीला होते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. सायक्स सांख्यिकी, जैन सांख्यिकी. ज्याला आकडे मोजायला बसवावं तो उठून मासे शोधायला जातो, ही परंपरा दीडशे वर्षांची दिसते. आमच्या ओळखीत जनगणनेच्या कामावर गेलेले काही गुरुजी आहेत, त्यांनाही धरणाची वाट माहीत आहे.

सीलकँथची गोष्ट सेरॅटोडसचीच, फक्त मोठ्या गाजावाजाने घडलेली. हाही ६-७ कोटी वर्षांपूर्वी संपला अशी खात्री होती. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात एका ट्रॉलरच्या ढिगात संग्रहालयाच्या तरुण अभिरक्षक मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना तो निळसर, हातापायासारख्या परांचा, पाच फुटी मासा दिसला. तो घेऊन जायला टॅक्सीवाला कुरकुरला. वासाचं त्याला जास्त कळत होतं, इतिहासाचं कमी. ज्यांनी तो ओळखला ते जे. एल. बी. स्मिथ रसायनशास्त्र शिकवायचे. दुसरा नमुना मिळायला त्यांना १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तो मिळाला कोमोरो बेटांवर, जिथल्या कोळ्यांच्या गळाला हा मासा अधूनमधून लागतच असे आणि त्यांच्या भाषेत त्याला नावही होतं. पुढे १९९७ मध्ये मार्क अर्डमन हा सागरी जीवशास्त्रज्ञ मधुचंद्राला इंडोनेशियात गेला. मानाडोच्या मासळीबाजारात त्याच्या पत्नीला हातगाडीवरून चाललेला एक विचित्र मासा दिसला. तो निघाला सीलकँथ, तोही वेगळ्या जातीचा. मधुचंद्राला नवऱ्याबरोबर मासळीबाजारात जाणारी बायको हाच मला या गोष्टीतला दुर्मीळ जीव वाटतो.

राहिला माझा लाडका गार. डोंगरगावच्या तळ्यावरून लाव्हा गेला, हे उपखंड उत्तरेला सरकत आशियाला जाऊन भिडलं, आणि गार इथून संपला. त्याचे जातभाई आज उत्तर आणि मध्य अमेरिकेत नि क्यूबात आहेत. तोच लांब जबडा आणि तीच चौकटी खवल्यांची वस्त्रं. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळायची सवयही जुनीच. पण २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवराची सफाई चालू असताना जाळ्यात मगरीच्या तोंडाचा एक मासा आला. ॲलिगेटर गार. काश्मिरात तो पोहत आलेला नाही. हे मासे शोभेच्या टाक्यांसाठी विकले जातात. दुकानात बोटभर असतात तेव्हा गोजिरे दिसतात.

मनूची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. ओंजळीत आलेला मासा म्हणाला, मला वाचव. मनूने घड्यात ठेवला, घडा पुरेना. तळ्यात सोडला, तळं पुरेना. नदी, मग समुद्र. गार पाळणारे हौशी लोक ही पोथी नकळत पहिल्या तीन अध्यायांपर्यंत वाचतात. काचेच्या भांड्यातून टाकीत, टाकीतून मोठ्या टाकीत, आणि तीही पुरेनाशी झाली की रात्रीच्या वेळी जवळच्या तलावात. हा मासा सात-आठ फूट होतो. तलावातल्या इथल्या माशांना तो काय करतो ते सांगायला नको. मत्स्य विभाग वैतागतो ते रास्तच आहे, आणि पाळायला मासा हवाच असेल तर बाळगूनबाळगून आवाक्यातला बाळगावा. तरी मनात येतंच: सहा-साडेसहा कोटी वर्षांनी हे घराणं या देशात परत आलं, ते अमेरिकेची वारी करून, शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून, आणि परत आल्या आल्या आपण त्याला परकीय प्रजाती म्हणून हाकललं. त्याच्याकडे कागदपत्रं आहेत म्हणावं तर ती डोंगरगावच्या दगडात.

मावशींना हेही सांगितलं. त्यांचा प्रश्न एकच होता, आणि तो वुडवर्डपासून कोणीही विचारलेला नाही: “खायले कसा हाये?”

तर चौकशी केली. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक गार खातात. मांस पांढरं, घट्ट, चवीला बरं असतं म्हणतात. खवले सुरीने निघत नाहीत, पत्रा कापायची कातरी किंवा कुऱ्हाड लागते. गाभोळी मात्र विषारी. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मंग गाभोळीचा भाव कमी करून द्यायचा नाई, फेकूनच द्यायची.